रंगांची रांग: पिंपरी ते चाकण

आडवी सोळा घरे, उभी दहा. वरून दोन बाय दोनचे ठोकळे पडत राहतात आणि त्यांत रंग दोनच असतात. एकाच रंगाचा चौकोन जुळला तरी तो लगेच नाहीसा होत नाही. गाण्याच्या ठेक्यावर एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत असते. ती वरून गेली की चौकोन पुसला जातो आणि तेव्हाच गुण पदरात पडतात. ‘ल्युमिनेस’ हा खेळ १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये सोनीच्या पीएसपी यंत्राबरोबर बाजारात आला, तो एवढ्याच नियमांवर. तो रचणाऱ्या तेत्सुया मिझुगुची यांना खरे तर संगीतावर चालणारा ‘टेट्रिस’ करायचा होता. त्याचा परवाना मिळेना, म्हणून त्यांनी नवे कोडे रचले. मनातला ‘टेट्रिस’ त्यांना करायला मिळाला तो पुढे २०१८ मध्ये.

या खेळात नवखा खेळाडू चौकोन दिसला की जुळवतो आणि पट मोकळा करत राहतो. तो बराच वेळ टिकतो, पण त्याचा गुणफलक रेंगाळतो. कारण खरे गुण आहेत ते रेघेच्या एकाच फेरीत चार किंवा त्याहून जास्त चौकोन पुसण्यात. तेवढे जमले की गुणक लागू होतो आणि लागोपाठच्या फेऱ्यांत जमत गेले की तो वाढत जातो. म्हणून मुरलेला खेळाडू एक रंग मुद्दाम साठवतो आणि रेघ वळून परत येईपर्यंत दम धरतो. संथ गाण्यात रेघ हळू सरकते, रचायला सवड मिळते आणि एका फेरीचा ऐवज मोठा होतो. जलद गाण्यात रेघ रचना पुरी होण्याआधीच येऊन ठेपते. पटावर एकच रंग उरला तर १,००० गुण, पट पूर्ण साफ झाला तर १०,०००. मूळ खेळाचा गुणफलक ९,९९,९९९ पाशी थांबतो.

डिलन फिटरर यांचा ‘ऑडिओसर्फ’ फेब्रुवारी २००८ मध्ये आला आणि त्याने हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला. त्यात खेळाडू स्वतःच्या संगणकावरचे कोणतेही गाणे देतो आणि खेळ त्या गाण्याचाच रस्ता बनवतो. गाणे शांत असेल तिथे चढ लागतो, भरात आले की उतार. रस्त्यावर रंगीत ठोकळे असतात. ते उचलले की गाडीखालच्या तीन रांगांच्या, प्रत्येकी सात घरांच्या जाळीत जाऊन बसतात. एका रंगाचे तीन एकमेकांना चिकटले की गुण मिळतात आणि गठ्ठा मोठा झाला की गुण नुसत्या बेरजेपेक्षा झपाट्याने वाढतात. जांभळा रंग स्वस्त, लाल सर्वांत महाग. ‘मोनो’ या प्रकारात निवड आणखी सोपी दिसते: रंगीत ठोकळे घ्यायचे, करडे चुकवायचे. प्रत्यक्षात चुकून घेतलेला एक करडा ठोकळा जाळीतले घर अडवतो आणि त्याच्या दोन बाजूंचे रंग एकमेकांना भेटू शकत नाहीत. गाणे संपताना जाळी रिकामी असेल तर वेगळे बक्षीस मिळते. त्यामुळे शेवटच्या काही सेकंदांत हाव आवरावी लागते.

दोन्ही खेळांची रचना सारखीच आहे. लय बाहेरून येते, ती खेळाडूला बदलता येत नाही. रंग कोणता घ्यायचा, कोणता अडवून ठेवायचा आणि केव्हा सोडायचा, एवढेच त्याच्या हातात असते. हेच कोडे पुण्याच्या वायव्येला आणि उत्तरेला, चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात, गाड्यांच्या सांगाड्यांनिशी सोडवले जाते. ते या पट्ट्यात कसे आले आणि त्याचे गुण कसे मोजू लागले, याचा इतिहास या खेळांहून जुना आहे. एका मोठ्या उद्योगनगरीची जडणघडणही त्यात दिसते.

सुरुवातीला कोडे नव्हतेच, कारण रंग नव्हता. ऑक्टोबर १९१३ मध्ये हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी लाइन सुरू झाली आणि साडेबारा तासांचे सांगाडा जुळवण्याचे काम पुढच्या वर्षी सुमारे दीड तासावर आले. त्याआधी ‘मॉडेल टी’ हिरव्या, लाल, निळ्या आणि करड्या रंगांत मिळत असे. १९१४ पासून दहा-अकरा वर्षे ती फक्त काळी निघाली. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता. शिवाय सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या असल्या की कोणती आधी आणि कोणती नंतर हा प्रश्नच उरत नाही. १९२३-२४ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीचे लवकर वाळणारे ‘ड्यूको’ रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर चढले, गिऱ्हाइकाला रंगांची गोडी लागली आणि फोर्ड यांनाही काळ्याचा हट्ट सोडावा लागला.

पिंपरीची गोष्ट साधारण याच क्रमाने घडली, पण कारणे वेगळी होती. १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६० च्या सुमारास आकुर्डीला बजाज ऑटो आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सुमंत मुळगावकर यांच्या पुढाकाराने टाटांच्या टेल्कोने पिंपरी-चिंचवडमध्ये बस्तान बसवले. इटलीच्या पियाजिओशी असलेला बजाजचा करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी ‘चेतक’ स्कूटर आली. परवान्यांच्या त्या काळात किती गाड्या करायच्या हे सरकार ठरवी आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे असे. स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागे. मुलाच्या नावाने नोंदवलेली गाडी त्याच्या लग्नापर्यंत आली तरी मिळवली, असे घरोघरी म्हटले जाई. एवढे थांबलेले गिऱ्हाईक रंगावर अडून बसण्याची शक्यताच नव्हती. फोर्ड यांच्याकडे जे काळ्या रंगाने केले, ते आकुर्डीत टंचाईने केले. लाइनला लय होती, रंगाचा हिशेब नव्हता.

१९९१ नंतर चित्र पालटले. मर्सिडीझ-बेंझने १९९५ मध्ये टेल्कोच्याच आवारात गाड्या जुळवायला सुरुवात केली. मग ३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांची ‘इंडिका’ आली. तिच्या जन्माची एक हकीकत या पट्ट्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. निस्सान कंपनीने ऑस्ट्रेलियातले गाड्यांचे उत्पादन १९९२ मध्ये बंद केले होते. तिथला पडून असलेला कारखाना टाटांनी नव्याच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या किमतीत विकत घेतला, सुटा केला, जहाजांनी आणला आणि पुण्यात पुन्हा उभा केला. नवी लाइन घेण्याइतका पैसा नव्हता, पण जुनी लाइन आपली करून घेण्याइतके कसब होते. ‘इंडिका’ जाहीर झाल्यावर आठवड्याभरात लाखाहून अधिक गिऱ्हाइकांनी पैसे भरून नोंदणी केली. आता मात्र गिऱ्हाईक मॉडेल मागत होते, डिझेल की पेट्रोल ते सांगत होते आणि रंगही निवडत होते.

चाकणला बजाजचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांनी ‘पल्सर’ मोटारसायकल आली. शेजारच्या तळेगावात २००८ मध्ये जनरल मोटर्स आली. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी मर्सिडीझ चाकणला हलली, २०१० मध्ये महिंद्राने तिथे पाय रोवले. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाभोवती दहा-बारा वर्षांत मोटारींच्या लाइनी पसरल्या. इथे ते कोडे पूर्ण रूपात समोर आले.

आधी लय. फोक्सवॅगन कारखान्याची सुरुवातीची क्षमता वर्षाला १,१०,००० गाड्यांची होती. वर्षात कामाचे ३०० दिवस आणि दिवसाला दोन पाळ्यांचे मिळून पंधरा तास धरले, तर दर अडीच मिनिटांना एक गाडी लाइनवरून उतरायला हवी. कारखान्यात याला ‘टॅक्ट टाइम’ म्हणतात: हाताशी असलेला वेळ भागिले मागणी. तो आकडा लाइनवरचा कामगार ठरवत नाही आणि सुपरवायझरही ठरवत नाही, तो बाजारातून येतो. प्रत्येक स्टेशनवरचे काम तेवढ्या वेळात बसवावे लागते. ‘ल्युमिनेस’मधली रेघ सरकते तशी गाडी सरकते, काम झालेले असो वा नसो.

आता रंग. चाकणच्या त्याच कारखान्यात पोलो निघायची, तिच्यामागे व्हेंटो, पुढे श्कोडाची रॅपिडही. मेक्सिकोला जाणाऱ्या व्हेंटोचे स्टिअरिंग डावीकडे असे. पेंट शॉपला हा सगळा विविधतेचा कारभार सोसत नाही. एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना फवारणीची गन आणि नळ्या सॉल्व्हंटने धुवाव्या लागतात. रंग वाया जातो, सॉल्व्हंट जातो, वेळ जातो. पेंट शॉपला वाटते, वीस पांढऱ्या एकदम येऊ द्या, मग पंधरा चंदेरी. पण जुळणी लाइनला नेमके उलटे हवे असते. सनरूफ बसवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. सनरूफवाल्या तीन गाड्या पाठोपाठ आल्या तर त्या स्टेशनवरचा कामगार गाडीमागे वाहत जातो, पुढच्या स्टेशनच्या हद्दीत शिरतो आणि शेवटी लाइन अडते. त्यामुळे जुळणी लाइनचा नियम असतो: कोणत्याही सलग तीन गाड्यांत सनरूफवाली एकच. एसीसाठी वेगळे प्रमाण, डाव्या स्टिअरिंगसाठी वेगळे. एका विभागाला सारखेपणा हवा, दुसऱ्याला मिसळ, आणि गाड्यांची रांग मात्र एकच.

गणितज्ञांनी या कोड्याची पद्धतशीर मांडणी १९८६ मध्ये केली. गाड्यांची संख्या वाढली की सगळे क्रम तपासून सर्वोत्तम क्रम काढणे संगणकालाही आवाक्याबाहेर जाते, हेही पुढे सिद्ध झाले. २००५ मध्ये फ्रान्समधल्या ऑपरेशन्स रिसर्चच्या अभ्यासकांच्या संस्थेने रेनो कंपनीच्या खऱ्या कारखान्यांतली माहिती घेऊन यावर जगभर खुली स्पर्धा ठेवली. ते गुणांकन वाचण्यासारखे आहे. तीन गोष्टी मोजायच्या होत्या: महत्त्वाच्या प्रमाणांचे भंग, कमी महत्त्वाच्या प्रमाणांचे भंग आणि रंगबदलांची संख्या. तिन्हींना सारखे वजन नव्हते. वरच्या क्रमाची एक चूक खालच्या क्रमाच्या कितीही चुकांपेक्षा भारी, आणि वरचा क्रम कोणाचा हे कारखान्यागणिक बदलायचे. शिवाय एकाच रंगाच्या किती गाड्या सलग चालतील यालाही मर्यादा होती, कारण ठरावीक संख्येनंतर गन धुवावीच लागते. म्हणजे पांढरा रंग साठवत राहणेही एका टप्प्यानंतर फायद्याचे राहत नाही. ‘ऑडिओसर्फ’ खेळणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. मोठ्या गठ्ठ्याच्या मोहात त्याचीही जाळी कधी ना कधी तुडुंब भरलेली असते.

फरक एवढाच की खेळात गुण वाढवायचे असतात आणि कारखान्यात दंड कमी करायचा असतो. डावपेच मात्र एकच निघतो, आणि तो म्हणजे मधे कुठेतरी थांबायला जागा करणे. पेंट शॉप आणि जुळणी लाइन यांच्यामध्ये रंगवलेल्या सांगाड्यांचे कोठार असते. पेंट शॉपमधून एका रंगाचे गठ्ठे येतात, कोठारात वेगवेगळ्या गल्ल्यांत उभे राहतात आणि जुळणीला हव्या त्या क्रमाने एकेक बाहेर सोडले जातात. किती गल्ल्या, किती जागा, कोणता सांगाडा किती वेळ अडवायचा, हा रोजचा खेळ आहे. कोठार मोठे असले की क्रम हवा तसा फिरवता येतो, पण तितकाच माल आणि पैसा उभा राहतो. कोठार छोटे असले तर एक चुकीचा सांगाडा गल्ली अडवून बसतो आणि त्याच्यामागची पाच योग्य सांगाडे अडकतात. ‘मोनो’तल्या करड्या ठोकळ्याचे काम इथे ओरखडा पडल्याने दुरुस्तीला परत जाणारी गाडी करते. तिने रांग सोडली की पुढचा सगळा क्रम नव्याने बसवावा लागतो.

टोयोटाने दुसऱ्या महायुद्धानंतर यावर वेगळा इलाज काढला. ताइइची ओहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की एकाच मॉडेलचे मोठमोठे गठ्ठे काढायचेच नाहीत, मागणीच्या प्रमाणात रोज थोडे थोडे सगळेच काढायचे. त्यासाठी खणांची एक फळी असते. आडव्या ओळी मॉडेलच्या, उभे रकाने वेळेचे, आणि प्रत्येक खणात एक कार्ड. कार्ड उचलले की तेवढे काम सुरू होते. भोसरी, तळवडे आणि चाकणच्या व्हेंडर कारखान्यांनाही ही शिस्त लागली, कारण मोठ्या कारखान्याला सीट, बंपर आणि डॅशबोर्ड केवळ वेळेवर नको असतात, गाड्या ज्या क्रमाने लाइनवर येणार त्याच क्रमाने हवे असतात. लाल गाडी समोर उभी आणि ट्रकमधून आधी चंदेरी बंपर निघाला, तर नुकसान एका बंपरचे राहत नाही.

बंपरपाशी आले की रंगजुळणी शब्दशः सुरू होते. गाडीचे अंग पत्र्याचे, बंपर प्लास्टिकचा. पत्र्याच्या रंगाची भट्टी जास्त तापमानाची असते, प्लास्टिक ती उष्णता सहन करणार नाही. म्हणून बंपर बहुतेक वेळा दुसरीकडे, दुसऱ्या रोगणाने रंगतो आणि गाडीवर बसला की दोन्ही रंग एकच दिसले पाहिजेत. डोळ्यांवर भरवसा ठेवून हे भागत नाही. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९७६ मध्ये रंगांना तीन आकड्यांत बसवणारी पद्धत ठरवली: उजळपणा, लाल-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा. दोन रंगांच्या या आकड्यांमधले अंतर म्हणजे ‘डेल्टा ई’. शून्य म्हणजे हुबेहूब, आणि आकडा वाढेल तसा तफावतीचा दोष वाढत जातो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या कणांमुळे समोरून आणि कडेने वेगळी छटा दिसते, त्यामुळे मोजमाप एका कोनातून पुरत नाही. निरनिराळ्या कोनांतून घेतलेले आकडे सगळेच मर्यादेत असावे लागतात. रंगाची फवारणी किती जाड बसली, शॉपमधला ओलावा किती होता, भट्टीत किती मिनिटे गेली, याने आकडा हलतो. या कसोटीला नीट उतरणारे रंगारी आणि तंत्रज्ञ या पट्ट्याचे फार मोठे भांडवल आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा बंपर वेगळा दिसत नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला कोणी थांबत नाही, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवायला हवे.

ज्या काळात चाकणला लाइनी उभ्या राहत होत्या, त्याच काळात लयीवर गुण मोजणारे खरेखुरे खेळही पुण्यात तयार होऊ लागले. फ्रेंच कंपनी युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. पुढे ‘जस्ट डान्स’ या नाचाच्या खेळमालिकेच्या कामात पॅरिस, मिलान, बुखारेस्ट अशा स्टुडिओंबरोबर पुण्याचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले. २००९ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत खेळाडूने पडद्यावरच्या नर्तकाप्रमाणे हालचाल करायची आणि ती ठेक्यावर किती नेमकी झाली त्यावर गुण. पुढच्या आवृत्त्यांत एका गाण्याला जास्तीत जास्त १३,३३३ गुण मिळू शकतात. १०,००० ला पाच तारे, ११,००० ला सुपरस्टार, १२,००० ला मेगास्टार. सोनेरी हालचालींना नेहमीपेक्षा जास्त वजन असते. म्हणजे इथेही सगळे क्षण सारख्या मोलाचे नाहीत, आणि कोणता क्षण चुकवायचा नाही हे आधी ठाऊक असलेला खेळाडू पुढे जातो.

या सगळ्या हिशेबात एक प्रश्न खेळात कधी येत नाही: गुण कोणाचे? ‘ऑडिओसर्फ’मध्ये गाणे खेळाडू निवडतो, गुणही त्याच्याच नावावर चढतात. लाइनवर लय बाजार ठरवतो आणि ती अंगावर पेलणारा माणूस वेगळा असतो. चाकणच्या बजाज कारखान्यातल्या कामगारांनी हा प्रश्न आकड्यांत मांडला. २५ जून २०१३ रोजी त्यांनी काम थांबवले. वेतनवाढीच्या बरोबरीने त्यांची मागणी होती की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत. भारतीय कामगार चळवळीत अशी मागणी क्वचितच पुढे आलेली होती. कंपनीच्या वाढीत आपल्या हातांचा वाटा आहे आणि तो दर महिन्याच्या पगारात संपत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मागणीवर मतभेद असू शकतात, पण तिच्यामागचा हिशेब स्वच्छ होता. संप पन्नास दिवस चालला आणि १४ ऑगस्टला मागे घेतला गेला. शेअरची मागणी मान्य झाली नाही, आणि कामगार लाइनवर परतले.